डिस्क बसवल्यावर पुढचा ब्रेक वारंवार चिकटतो, त्याचं मूळ कुठं शोधायचं

तक्रार तीच असते, सांगणारा तेवढा बदलतो. कधी निपाणीचा पद्मिनीवाला, कधी खानापूरकडचा अँबॅसिडरवाला. "पुढचे ड्रम काढून डिस्क घातल्या बघा. सुरुवातीला गाडी झकास थांबत होती. आता काय होतंय, वंटमुरीचा घाट उतरून आलं की गाडी ओढायला लागते, पेडल वर येऊन कडक होतं, रिमला हात लावावा तर चटका बसतोय. कडेला लावून चहा घेतला की परत मोकळी." मिस्त्रीकडं नेली की तो कॅलिपरचा, म्हणजे डिस्कला पॅडनं पकडणाऱ्या भागाचा, हवा काढायचा निपल सोडतो, चूळभर ऑइल उडतं, चाक गर्रकन फिरतं. "झालं मामा, हवा होती." आठ-दहा दिवसांत गाडी परत त्याच दारात.

हवा नव्हती. हवा असली तर पेडल मऊ लागतं, खाली जातं. कडक होऊन वर येत नाही. निपल सोडल्यावर चाक सुटलं याचा अर्थ एवढाच, की पाय काढल्यावरही लाईनमध्ये दाब कोंडलेला होता. तो का कोंडला हे न बघता नुसता सोडून दिला, तर तो परत साचणारच. आणि मग लोक डिस्कलाच दोष देतात, कॅलिपर बदलतात, पॅड बदलतात, कुणी वैतागून परत ड्रम चढवतो. माझं ठाम मत आहे की अशा दहांतल्या बहुतेक गाड्यांत नवी डिस्क निर्दोष असते. दोष असतो तो ड्रमच्या काळातला जो जुना भाग तसाच ठेवला त्यात: मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा), त्याचा पुशरॉड (पेडलचा जोर त्याच्या पिस्टनवर नेणारी दांडी), रबरी होज (चाकाकडं जाणारी नळी). डिस्कला या भागांकडून जे हवं असतं ते ड्रमपेक्षा वेगळं असतं, आणि ते कुणी बदललेलंच नसतं.

कुठली चाकं तापलीत, ते आधी बघा

गाडी चिकटली की लगेच पाना काढू नका. चारही चाकांजवळ हात न्या. हबला थेट हात लावू नका, भाजेल. तापमान मोजायची गन असेल तर उत्तम, हल्ली ती फार महाग नाही. नसेल तर रिमपासून चार बोटांवर हात धरला तरी फरक कळतो.

एकच पुढचं चाक तापलंय आणि दुसरं गार आहे, तर दोष त्या चाकाजवळच आहे: होज, कॅलिपरची पिन किंवा पिस्टन. दोन्ही पुढची सारखीच तापलीत आणि मागची गार आहेत, तर वर मास्टरकडं जा. बहुधा त्यातला जुना व्हॉल्व्ह. चारही तापलीत, तर पुशरॉड किंवा मास्टरमधलं परतीचं भोक. एवढ्या निरीक्षणानं निम्मं काम होतं. तरी गाडी घेऊन येणाऱ्याला "कुठलं चाक?" म्हणून विचारलं तर उत्तर येतं, "पुढचं." डावं की उजवं हे बघितलेलंच नसतं.

चिकटलेली असतानाच पकडा

ही तपासणी गाडी गार झाल्यावर करून उपयोग नाही. ब्रेक पकडलेला असतानाच करायची. म्हणून घराजवळच फेरी मारा, हलका ब्रेक दाबत-सोडत गाडी तापवा, आणि चिकटायला लागली की थेट सपाट जागी आणून उभी करा. मागच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा, पुढचा भाग जॅकवर उचलून स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. चाक हातानं फिरवून बघा, जड आहे ना? आता वरून खाली या.

बूस्टर (व्हॅक्यूमच्या मदतीनं पायाचा जोर वाढवणारा डबा) बसवला असेल तर आधी त्याचा व्हॅक्यूमचा पाईप उपसा. सूं करून आवाज येईल. तेवढ्यानं चाक सुटलं तर बूस्टरच आतून धरून बसतोय. नाही सुटलं, तर मास्टर सिलिंडर बूस्टरला ज्या दोन नटांनी धरलाय ते दोन-तीन मिलिमीटर ढिले करा आणि मास्टर तेवढा पुढं ओढा. आता सुटलं? मग पुशरॉड लांब आहे, तो मास्टरचा पिस्टन कायम दाबून ठेवतोय. बूस्टर नसेल तर पेडलचा पुशरॉड थोडा आखूड करून हेच बघायचं.

तरीही चाक जडच असेल तर नट परत आवळा आणि मास्टरमधून निघणाऱ्या पाईपचा युनियन नट पाव फेरा सोडा. खाली चिंधी धरा, कारण ब्रेक ऑइल रंग खातं, आणि जुन्या गाडीचा रंग म्हणजे पुन्हा वेगळा खर्च. ऑइल पिचकारीसारखं उडालं आणि चाक मोकळं झालं, तर दोष मास्टरच्या आतच आहे. इथंही सुटलं नाही तर चासीजवळ, जिथं लोखंडी पाईप संपून रबरी होज सुरू होतो, तो जोड सोडा. इथं सुटलं तर लोखंडी पाईप कुठंतरी चेपलाय. असं क्वचित होतं. तिथंही नाही, म्हणून शेवटी कॅलिपरचा निपल सोडला आणि मग चाक सुटलं, तर दाब होजमध्ये अडकलाय. आणि निपल सोडूनही चाक जडच राहिलं तर ऑइलचा संबंधच नाही. पिन, पिस्टन किंवा पॅड जागेवर अडकलाय.

बघा, मिस्त्री थेट शेवटच्या पायरीवर जाऊन निपल सोडतो. चाक सुटतं, पण वरच्या कुठल्या टप्प्यात दाब अडकला होता याचा पुरावाच ऑइलबरोबर वाहून जातो.

मास्टरमधला जुना व्हॉल्व्ह

दोन्ही पुढच्या डिस्क सारख्या तापणाऱ्या गाड्यांत मी सगळ्यात आधी हा बघतो. ड्रमसाठी बनवलेल्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये, ऑइल बाहेर पडतं त्या टोकाला एक छोटा व्हॉल्व्ह असतो. पाय काढल्यावर तो लाईनमधला सगळा दाब परत येऊ देत नाही, साधारण १० पीएसआय, म्हणजे ०.७ किलो दर चौरस सेंटिमीटर एवढा मागं ठेवतो. ड्रमच्या गाडीत ही सोय मुद्दाम केलेली असते. व्हील सिलिंडरच्या रबरी वाट्यांचे ओठ त्या दाबानं भिंतीला चिकटून राहतात, हवा आत ओढली जात नाही. ब्रेक शूला ओढून घेणाऱ्या स्प्रिंगा जाडजूड असतात, त्या एवढ्याशा दाबाला सहज हरवतात. त्यामुळं ड्रम चिकटत नाही.

डिस्कच्या कॅलिपरमध्ये अशी स्प्रिंग नसते. पिस्टन मागं घेतो तो फक्त त्याच्या भोवतीचा चौकोनी रबरी सील. दाबताना तो किंचित पिळला जातो, सोडल्यावर सरळ होताना पिस्टनला केसभर मागं ओढतो. बस, एवढीच ताकद. आता हिशेब करा. ४८ मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे १८ चौरस सेंटिमीटर. त्यावर ०.७ चा दाब म्हणजे जवळजवळ साडेबारा किलोचा जोर, पाय पेडलवर नसताना, कायम. पॅड डिस्कवर घासत राहतो, डिस्क तापते, ऑइल तापून फुगतं, पकड आणखी घट्ट होते.

याची खूण सोपी आहे. गाडी रात्रभर गार झालेली असताना जॅकवर घ्या, पेडल एकदा दाबून सोडा आणि चाक फिरवा. गारच असताना दोन्ही बाजूंना सारखा जडपणा लागला, आणि निपल सोडल्यावर ऑइल थेंबथेंब न येता चटकन उडालं, तर व्हॉल्व्ह आत आहे असं समजा.

उपाय दोन. एक, मास्टर उघडून तो व्हॉल्व्ह काढायचा. काही मास्टरमध्ये तो बोअरच्या (आतल्या गोल पोकळीच्या) तळाशी स्प्रिंगच्या टोकाला असतो, काहींत बाहेरच्या युनियनच्या बैठकीमागं. पण एकच सर्किट (चारही चाकांना ऑइलची एकच वाट) असलेल्या मास्टरमधून तो काढला की मागच्या ड्रमचाही दाब जातो, आणि त्या सिलिंडरांत हवा शिरायला वाट मिळते. म्हणून मागं जाणाऱ्या लाईनमध्ये १० पीएसआयचा वेगळा व्हॉल्व्ह टाकावा लागतो. दुसरा उपाय मला जास्त पटतो: पुढं डिस्क, मागं ड्रम अशा गाडीसाठीच बनवलेला दुहेरी मास्टर सिलिंडर बसवायचा. जुन्या गाड्यांत एकच सर्किट असल्यामुळं एक होज फुटला की चारही चाकांचा ब्रेक गेला. चोर्ला घाटात हे घडलं तर काय, याचा विचार करा. डिस्कवर पैसे घालायचे आणि मास्टर मात्र जुना एकेरीच ठेवायचा, हे मला कधीच पटलं नाही. पैसे कमी असतील तर आधी दुहेरी मास्टर घ्या, डिस्क पुढच्या वर्षी घाला.

मास्टर पायाखाली, फरशीच्या पातळीवर बसवलेला असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. त्याची पातळी कॅलिपरच्या खाली गेली तर गाडी उभी असताना ऑइल हळूहळू मास्टरकडं उतरतं आणि सकाळी पहिलं पेडल खोल जातं. अशा ठिकाणी पुढच्या लाईनला २ पीएसआयचा व्हॉल्व्ह लागतो. २ आणि १० मधला फरक दुकानदाराला ठासून सांगा, दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात.

पुशरॉड आणि ते बारीक भोक

चारही चाकं तापत असतील, आणि गार असताना सगळं मोकळं पण दहा-पंधरा किलोमीटरनंतर पकड येत असेल, तर मास्टरचं झाकण उघडा. टाकीच्या तळाला दोन भोकं असतात, एक मोठं आणि एक सुईच्या टोकाएवढं. ते बारीक भोक फार महत्त्वाचं आहे. पाय काढल्यावर पिस्टन पूर्ण मागं गेला की ते उघडं पडतं, आणि तापून फुगलेलं ऑइल त्यातून टाकीत परत येतं. पुशरॉड थोडाही लांब असला तर पिस्टन पूर्ण मागं जात नाही, रबरी वाटी त्या भोकावर बसून राहते, फुगलेल्या ऑइलला वाटच राहत नाही.

तपासायला दुसरा माणूस आत बसवा. त्याला पेडल अगदी हळू, बोटानं दाबल्यासारखं दाबायला सांगा, आणि तुम्ही टाकीत बघा. डोळ्यावर चष्मा असू द्या. पेडल हलायला लागल्याबरोबर तेलात बारीक उकळी यायला हवी, कधी कधी छोटं कारंजंच उडतं. ती उकळी दिसली तर भोक उघडं आहे. काहीच हललं नाही तर भोक बंद आहे: एक तर पुशरॉड लांब, नाही तर भोकात कचरा.

पुशरॉड आणि पिस्टनमध्ये साधारण एक मिलिमीटर जागा मोकळी हवी. पेडलच्या दांड्याचं प्रमाण पाचास एक धरलं तर पायाखाली ती पाच मिलिमीटरच्या आसपास जाणवते. दांडा हलका हलतो, मग पकडायला लागतो, तो हाच खेळ. पुष्कळदा मालक सांगतो, "पेडल वर हवं, लगेच पकडलं पाहिजे," आणि मिस्त्री त्याला खूश करायला पुशरॉड लांब करून देतो. त्या दिवशी पेडल छान लागतं. दाब कोंडायला तिथूनच सुरुवात होते. बूस्टर वेगळ्या गाडीचा बसवला असेल तर त्याच्या पुढच्या दांडीची लांबीही याच कारणासाठी मोजावी लागते. तिचं टोक आणि मास्टरच्या पिस्टनमधला खड्डा, दोन्हींची खोली मोजपट्टीनं काढून वजाबाकी करा, अंदाजानं नको.

केरोसीनचा डबा लांब ठेवा

आपल्याकडं गॅरेजमध्ये सुटे भाग धुवायला केरोसीन, पेट्रोल, नाही तर डिझेलचा डबा असतोच. इंजिनाचे भाग धुवा, हरकत नाही. ब्रेकचा एकही रबरी भाग त्यात बुडवायचा नाही. मास्टरची वाटी, कॅलिपरचा सील, होजचं अस्तर, हे रबर ब्रेक ऑइलसाठी बनवलेलं असतं. खनिज तेल लागलं की ते फुगतं. फुगलेली वाटी बारीक भोकावर जाऊन बसते, फुगलेला सील पिस्टन सोडत नाही, फुगलेला होज आतून बंद होतो. म्हणजे एका वेळी तीन दोष, आणि प्रत्येक जण वेगळा शोधत बसतो. टाकीत कुणी चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं तरी तेच.

ओळखायचं कसं? टाकीच्या झाकणाखालचा रबरी पडदा बघा. तो वेडावाकडा, मऊ, मोठा झालेला असेल आणि झाकणात परत नीट बसत नसेल, तर सगळ्या सिस्टिममधलं रबर तसंच झालंय. मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही. मास्टरचं किट, कॅलिपरचं किट, मागच्या सिलिंडरच्या वाट्या, तिन्ही होज, सगळं नवं घालावं लागतं आणि लोखंडी पाईप नव्या ब्रेक ऑइलनं धुवून घ्यावे लागतात. खर्च ऐकून मालक नाराज होतो. पण अर्धं बदललं तर उरलेलं जुनं रबर परत त्रास देतं, हे मी त्याला आधीच स्पष्ट सांगतो.

कॅलिपरच्या सरकत्या पिनांचंही असंच. तिथं चासीचं साधं ग्रीस लावतात, ते बुशचं रबर फुगवतं आणि पिन अडकते. मग एका बाजूचा पॅड संपतो, दुसऱ्या बाजूचा नवाच राहतो. पॅड काढून शेजारी शेजारी ठेवले की हे लगेच दिसतं. रबराला चालणारं सिलिकॉनचं ग्रीस छोट्या ट्यूबमध्ये मिळतं, ते वापरा. कणकुंबी, जांबोटीकडं गाडी फिरत असेल तर पावसाळ्यानंतर पिना काढून, पुसून, परत ग्रीस लावायचं. तिकडचा पाऊस आणि तांबडी माती पिनांच्या रबरी टोप्यांतून आत जाते.

होजबद्दल थोडक्यात. बाहेरून ठणठणीत दिसणारा होज आतून सोलून एकेरी झडपेचं काम करू शकतो: पायाचा जोर ऑइल पुढं ढकलतो, पण परतीला तेवढा जोर नसतो. होजचं वय झालं असेल, किंवा कॅलिपर काढताना तो होजवरच लोंबकळत ठेवला असेल, तर बदलूनच टाका. नवा बसवताना स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवा आणि चाक लोंबकळत असताना पण बघा. पीळ पडत असेल, टायरला घासत असेल, तर लांबी चुकली आहे.

ऑइल आणि पाऊस

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. कोरडं डॉट ३ (हा ऑइलचा दर्जा, बाटलीवर छापलेला असतो) ऑइल २०५ अंशांच्या खाली उकळत नाही. पण सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरलं की हीच मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. चिकटलेल्या डिस्कजवळचं ऑइल १४० अंश गाठायला वेळ लागत नाही, आणि उकळलं की त्याची वाफ होते, पेडल फरशीला टेकतं. चिकटणारा ब्रेक आणि न लागणारा ब्रेक एकाच घाटात, एकामागून एक, ते असे. म्हणून चिकटण्याचा दोष काढल्यावर सगळं ऑइल बदलायचंच, तापून गेलेलं तसंच ठेवायचं नाही. मी डॉट ४ घालतो आणि एका वर्षाआड बदलतो, शक्यतो मृगाच्या आधी. फोडून ठेवलेली जुनी बाटली वापरू नका.

ब्रॅकेट आणि डिस्क

बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाले आहेत, हातात कसब आहे, ब्रॅकेट चांगलं करून मिळतं. फक्त त्यांना नुसता पुठ्ठ्याचा नमुना देऊन चालत नाही. स्टब एक्सल (चाक ज्यावर फिरतं तो दांडा), हब, डिस्क आणि कॅलिपर सगळं एकत्र नेऊन टेबलावर मांडा. डिस्क कॅलिपरच्या बरोबर मध्ये आणि समांतर यायला हवी. तिरकी बसली तर पॅड पाचरीसारखा झिजतो आणि पिस्टन वाकडा दाबला जाऊन अडकतो. जाड पोलादी प्लेट, ८.८ किंवा १०.९ (मजबुतीचा दर्जा) छापलेले बोल्ट, आणि स्टब एक्सलवर वेल्डिंग कधीच नाही. तो घडवलेल्या, ताव दिलेल्या पोलादाचा असतो. वेल्डिंगच्या उष्णतेनं तो जिथं कमजोर होतो, तिथंच पुढं तुटतो.

डिस्क चढवण्यापूर्वी हबची बैठक घासून स्वच्छ करा, रंगाचा पापुद्राही नको. डायल गेज लावून डिस्क फिरवा, कडेला ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त डुलत असेल तर पेडल थरथरेल. बेअरिंगमध्ये खेळ असला तर वळणावर डिस्क पॅडला मागं ढकलते आणि पुढचं पहिलं पेडल खोल जातं. त्याचाही संशय लोक मास्टरवर घेतात.

कुठल्या गाडीचे भाग घ्यायचे, हे वजनावरून ठरवा. मारुती ८०० साडेसहाशे किलोच्या आसपासची. तिची छोटी डिस्क पद्मिनीवर बसते, हलक्या वापराला चालते. अँबॅसिडर अकराशे किलोच्या वर जाते. तिला ८०० ची डिस्क लावणं मला धोक्याचं वाटतं, मग ती कितीही सहज बसो. अँबॅसिडरचं रिम १५ इंची आहे, मोठ्या कॅलिपरला जागा आहे.

पेडल खोल जात असेल तर

ही उलटी तक्रारही येते, म्हणून दोन ओळी. कॅलिपर डावा-उजवा अदलाबदल झालाय का बघा. निपल वरच्या टोकाला हवा. तो खाली आला तर कितीही वेळा हवा काढा, वरचा बुडबुडा आतच राहतो. दुसरं, मास्टरचा बोअर. पाऊण इंची मास्टरमधून दोन मोठे कॅलिपर भरायचे तर पिस्टनला लांब जावं लागतं. बोअर मोठा केला की पेडल वर येतं, पण पायाला जास्त जोर लागतो. ड्रममध्ये फिरणारा ड्रम शूला स्वतःच ओढून घट्ट करतो, ती फुकटची मदत डिस्कला मिळत नाही. म्हणून बूस्टर लागतो. पेट्रोल गाडीत इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम मिळतो. डिझेल अँबॅसिडरला मात्र व्हॅक्यूम पंप लागेल; डिझेलच्या मॅनिफोल्डमध्ये तेवढा व्हॅक्यूम तयारच होत नाही, नुसता पाईप जोडून बूस्टर चालणार नाही.

बूस्टर चालतोय का, हे बघायला इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, मग दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर ठीक.

रस्त्यावर नेण्याआधी

सगळं झाल्यावर पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, शक्य झाल्यास ओल्या जमिनीवर, कमी वेगात. कुणाला तरी बाहेर उभं करा आणि मागची चाकं पुढच्यांआधी अडकतात का ते त्याला बघायला सांगा. बूस्टर बसवल्यावर मागच्या ड्रमलाही वाढीव दाब जातो, आणि ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढं झुकून मागचा भाग हलका होतो. मागचं आधी अडकलं तर गाडी आडवी फिरते. मग मागच्या लाईनला दाब कमी करणारा व्हॉल्व्ह टाका किंवा मागं लहान बोअरचे सिलिंडर घाला, आणि परत तपासा. हे न करता तवंदी घाटाच्या उतारावर पावसात गाडी घालू नका.

त्यानंतर वीस-पंचवीस किलोमीटर चालवून परत चारही चाकांचं तापमान बघा. डावं-उजवं जवळजवळ सारखं हवं. गाडी जॅकवर घेऊन चाक ढकललं तर पॅडचा हलका खसखस आवाज यावा, पण चाक फिरत राहावं.

कागदांचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, त्यामुळं फिटनेसच्या आधी आपल्या आरटीओत विचारून घ्यावं. गाडी ५० वर्षांच्या वर असेल आणि व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर २०२१ च्या नियमांत गाडी मूळ रूपात असावी अशी अट आहे. चासी, बॉडी शेल आणि इंजिनातल्या बदलांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून काढलेले ड्रम, शू, ड्रममागच्या प्लेटा आणि मूळ मास्टर भंगारात घालू नका. ऑइल लावून, गोणपाटात गुंडाळून, कुठल्या बाजूचं काय ते लिहून ठेवा. ब्रॅकेट बोल्टनं बसवलेलं असेल आणि स्टबला धक्का लावलेला नसेल, तर गाडी परत ड्रमवर आणता येते.